गव्हाणच्या सोनखाणीचा अहवाल

दगडात सोनं आहे अशी खात्री झालेला माणूस मला रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतो. तो दगड पिशवीतून आणत नाही. रुमालात बांधून खिशात ठेवतो आणि चालताना त्या खिशावर हात धरतो. माझ्यासमोर दुसरं गिऱ्हाईक असलं तर बाकड्यावर टेकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहतो. ते गिऱ्हाईक उठलं की पुढे सरकतो आणि विचारतो, "इथलं बोलणं इथेच राहतं ना?" राहतं, असं मी सांगतो. मग रुमाल सुटतो.

माझा धंदा टंच काढण्याचा. सोन्यात सोनं किती आणि भेसळ किती, हे सांगायचं. पनवेलच्या बाजारात मी हे चाळीसेक वर्षं केलं आणि आता भट्टी विझवून घरी बसलो आहे. सराफांचे दागिने हे रोजचं काम. काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडायचा आणि रेघ किती टिकते ते बघायचं. पण त्याआधी उमेदीची काही वर्षं मी विदर्भातल्या एका खनिज प्रयोगशाळेत काढली होती. तिथे दगडातलं सोनं शोधायला शिकलो. ही बातमी पंचक्रोशीत कशी पसरली कोण जाणे, पण उलव्याकडे बांधकामं सुरू होऊन डोंगर फुटायला लागले तसा माझ्याकडे रुमालवाल्यांचा हंगाम सुरू झाला.

एक पोकलेनचालक चकाकणारे खडे घेऊन आला. लोखंड आणि गंधकाचं ते खनिज, त्याने आजवर भल्याभल्यांना फसवलं आहे. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "परत एकदा बघा साहेब, भट्टी पुरेशी तापली नसेल." एका शाळेचे मुख्याध्यापक अभ्रकाचा तुकडा घेऊन आले. निकाल ऐकून त्यांचा चेहरा पडला. सोनं नाही याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. हा तुकडा त्यांनी आठवीच्या वर्गात सोन्याचा म्हणून दाखवला होता आणि आता वर्गाला काय सांगायचं, याची त्यांना काळजी होती. मी म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, "आठवीला?"

अशांना नाही म्हणणं मला जड जात नसे, कारण आपल्या भागात सोनं असायला जागाच नाही. इथला काळा कातळ म्हणजे थरावर थर साचून थिजलेला लाव्हा. सोन्याला याहून फार जुने, वेगळ्या जातीचे खडक लागतात. आपल्या कातळात सुंदर पांढरे स्फटिक सापडतात, गारगोटी सापडते, पण सोनं साठत नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. त्यामुळे ज्या दिवशी काळ्या कातळातून सोनं निघालं, त्या दिवशी मी झोपेतून उठल्यासारखा जागा व्हायला हवा होतो. झालं उलटंच.

गव्हाणचे दिनकरशेठ माझ्याकडे आले ते भाताची लावणी आटोपल्यावर. वय पंचावन्नच्या पुढे, गळ्यात जाड साखळी, बाहेर गाडी उभी. भातशेतीत वाढलेला माणूस, आता बांधकामांना रेती-खडी पुरवायचा. त्यांनी रुमाल थेट टेबलावर सोडला. मुठीएवढा काळा दगड होता. एक बाजू गुळगुळीत आणि बाकीच्या बाजू नुकत्या छिन्नीने फोडल्यासारख्या.

"खानीतला हाय," ते म्हणाले.

"कुठल्या खाणीतला?"

"आमच्या डोंगरातल्या. सोन्याच्या."

ती गोष्ट मी आधीही ऐकली होती, तीन माणसांकडून तीन तऱ्हांनी. फिरंग्यांच्या काळात गव्हाणच्या वरच्या डोंगरात सोन्याची खाण होती. सोनं गाढवांवर लादून मोऱ्याच्या बंदराला न्यायचे आणि गलबतात भरायचे. एके दिवशी डोंगराने तोंड मिटलं आणि माणसं आत राहिली. शेवटी बाहेर पडला तो दिनकरशेठचा मूळपुरुष. त्याच्या हातात खाणीतला एक दगड होता. दिनकरशेठच्या वडिलांचा या गोष्टीवर इतका विश्वास, की भाताची झोडणी झाली की पहार घेऊन ते डोंगरात जात. वीस हिवाळे त्यांनी खणलं. शेवटी छातीत धूळ साचून गेले.

"मग आता तुम्ही कशाला त्या नादाला लागता?" मी विचारलं.

"आजूबाजूचं डोंगर बगितलंत ना? कापून सपाट केलं. उद्या आमचा बी जाईल. डोंगरच नाय रायला तर खान कुठं शोधाची?"

मी माझं काळ्या कातळाचं पाठांतर म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी आदी तपासा. मग बोला."

दगडातलं सोनं कसं काढतात ते बाहेरच्यांसाठी सांगतो. दगड कुटून पिठासारखा बारीक करायचा. त्यात शिशाच्या भस्माची भुकटी, टाकणखार, सोडा आणि चमचाभर कणीक घालायची. हो, आपली पोळ्यांची कणीक. हे सगळं मातीच्या मुशीत घालून भट्टीत वितळवायचं. कणकेमुळे भुकटीचं शिसं मोकळं होतं आणि त्याचे थेंब खाली उतरताना वाटेत भेटलेलं सोनं गोळा करत तळाशी जातात. मग ती शिशाची गोळी हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून पुन्हा तापवायची. राख शिसं पिऊन टाकते. वाटीत काहीच उरलं नाही तर दगडात सोनं नाही. उरलं तर एक बारीकसा मणी उरतो. त्यातली चांदी आम्लात विरघळवली की राहतं ते सोनं.

दिनकरशेठच्या दगडाचा मणी उरला. रव्याच्या कणाएवढा असेल, पण वाटी भट्टीतून काढली तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी आधी शिशाच्या भुकटीवर संशय घेतला. नुसती भुकटी आणि कणीक घालून कोरी मूस लावली. वाटी रिकामी. वजनकाटा तपासला. तो ठीक होता. हिशेब केला तर एवढ्याशा दगडात एवढं सोनं म्हणजे फारच झालं; याहून कितीतरी कमी सोन्यावर जगात खाणी चालतात.

आता माझी चूक सांगतो. आमच्या कामाचा पहिला धडा असा की नमुन्याची वरची साल वेगळी काढायची आणि गाभा वेगळा तपासायचा, कारण सालीला बाहेरचं काय काय चिकटलेलं असतं. त्याहून आधीचा धडा असा की नमुना कुठून, कुणी, कसा काढला हे खोदून विचारायचं. नमुना लहान आहे, सगळाच लागेल, म्हणून मी साल वेगळी केली नाही. आणि 'खाणीतला हाय' एवढ्यावर माझं समाधान झालं. गुळगुळीत बाजू मी बघितली होती. ती तशी का आहे, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मणी दिसल्यावर मला काही विचारायचंच नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या बांगड्यांत तांबं किती ते सांगितलं, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर माझ्या भट्टीत काळ्या कातळाचं सोनं आलं होतं. कुणीतरी माझं नाव छापेल असं मला वाटलं. या वयात असं वाटल्याची लाज वाटते, पण वाटलं.

अहवाल लिहिला. 'दिलेल्या नमुन्यात सोने आढळले.' खाली प्रमाण, सही, शिक्का. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत आमची नेहमीची ओळ : 'नमुना ग्राहकाने आणून दिलेला असून अहवाल त्या नमुन्यापुरताच मर्यादित आहे.' या ओळीमागे आमचा धंदा वर्षानुवर्षं सुखाने झोपतो. दिनकरशेठनी कागद दोनदा वाचला, घडी घालून छातीच्या खिशात ठेवला आणि माझ्या पाया पडले. बारीक अक्षरं त्यांनी वाचली असतील असं मला वाटत नाही.

पाऊस उघडल्यावर ते मला डोंगरावर घेऊन गेले. वडिलांनी खणलेला बोगदा त्यांनी पुढे खणायला घेतला होता. तोंडाशी वडिलांच्या छिन्नीच्या खुणा होत्या, त्या त्यांनी मला हात लावून दाखवल्या. पुढे कातळ संपून ठिसूळ लाल मुरूम लागत होता. त्याला बांधकामावरचे लोखंडी टेकू लावले होते. मजूर आत यायला तयार नव्हते म्हणून दिनकरशेठ स्वतःच खणायचे. आम्ही आत असतानाच उलव्याच्या बाजूला कुठेतरी सुरुंग उडाला. आवाज आत पोचला नाही, पण छतातून मुरमाची भुकटी आमच्या डोक्यावर पडली. दिनकरशेठनी ती झटकली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मला मात्र बाहेर येईपर्यंत दम धरवेना.

बोगद्यातले तीन ठिकाणचे दगड मी स्वतः काढले, स्वतः कुटले. तिन्ही वाट्या रिकाम्या निघाल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की इथे काही नाही आणि हे छत तुमचा जीव घेईल.

"अजून आत जाया पायजे," ते म्हणाले. "तुमच्याच कागदावं लिवलंय ना सायेब, हाय म्हनून?"

ते लिहिलं होतंच. खोटं नव्हतं. खऱ्याचा इतका त्रास होऊ शकतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी दिनकरशेठची आई माझ्या दुकानात आली. द्वारकाबाई. पंचाहत्तरी उलटलेली, ताठ, लुगडं नेसलेली. नातसून प्राजक्ताच्या स्कूटरवर मागे बसून गव्हाणहून पनवेलला आली होती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"तूच कं तो कागदवाला?"

"हो आई."

"तुज्या कागदानं माजा पोरगा डोंगरात गेला. आता तुज्याच कागदानं त्याला भाईर काड."

मी म्हटलं, "मी सांगितलं त्यांना. बोगद्यातल्या दगडात काही नाही, आणि छत धोक्याचं आहे, हेही सांगितलं."

"सांगून नाय भागत. त्याच्या बापाला मी वीस वरसं सांगत व्हते." ती थोडा वेळ माझ्या कसोटीच्या दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला घरी ये. आमचा देव्हारा बग." आणि प्राजक्ताचा हात धरून निघून गेली. मला वाटलं, म्हातारी देवाचं काहीतरी म्हणत असेल.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी गव्हाणला गेलो. घर नवं, दोन मजली, पण देव्हारा जुना, शिसवी. त्यात टाक होते, लक्ष्मीची तसबीर होती, आणि पुढे चौरंगावर पाटीएवढा एक काळा दगड होता. हळदीकुंकवाने त्याचं तोंड माखलेलं होतं. दिनकरशेठच्या घराण्याच्या गोष्टीतला, खाणीतून आलेला दगड तो हाच.

आरती झाली आणि घरातल्या बायका पुढे आल्या. प्राजक्ताने मला हळू आवाजात सांगितलं, "आमच्या घरची पाच पिढ्यांची रीत आहे काका. लग्नात सासरकडून सोन्याचं वळं घालतात. ते दर लक्ष्मीपूजनाला या दगडावर घासायचं. प्रत्येक सुनेची आपली रेघ असते. दुसरीच्या रेघेवर जायचं नाही. घरात सोनं टिकतं म्हणतात." वळं म्हणजे साधी, नक्षी नसलेली अंगठी. नवरा गेला तरी रेघ थांबवायची नाही, असंही तिने सांगितलं. दगडापुढे सगळ्या सुना सारख्या.

पहिल्या दोन रेघा मागच्या पिढ्यांच्या. त्यांना नुसती हळद वाहिली. तिसरी द्वारकाबाईंची. तिने एका डबीतून वळं काढलं, मुठीत घट्ट धरलं आणि मुठीतून डोकावणारी कड दगडावर ओढली. मग दिनकरशेठच्या पत्नी सुनंदाताईंनी ओढली, शेवटी प्राजक्ताने. ओढून झाल्यावर प्रत्येकीने आपल्या रेघेवर हळद वाहिली.

मी पाटावर बसलो होतो. ज्या तऱ्हेच्या दगडावर मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचं सोनं घासलं, तो दगड माझ्यासमोर होता. फरक इतकाच की माझा दगड मी रोज पुसतो आणि हा कुणीच कधी पुसला नव्हता. आणि त्याचा उजवा कोपरा, जिथून सगळ्या रेघांची टोकं सुरू होत, तो फोडलेला होता. फोडलेली जागा ताजी होती. मुठीएवढी.

मी दिनकरशेठना बाजूला घेतलं. ते आधी कबूल होईनात. मग म्हणाले, "खोटं कुटं बोललो सायेब? खानीतलाच दगड हाय ना तो? बाबा कोनाला हात लावू देत नव्हते, आये बी नाय देत. म्हनून गुपचूप काडला. सोड्यानं घासून, धुऊन आनला." त्यांच्या मनाने ते पूर्ण खरं होतं. आणि सोड्याने हळद निघते, सोनं निघत नाही.

दुसऱ्या कुणाला सांगून पटलं असतं. दिनकरशेठना पटणार नव्हतं, हे मला कळत होतं. म्हणून भाऊबीजेच्या सकाळी मी तळोज्याच्या एका ओळखीच्या भंगारवाल्याकडून धातू ओळखायचं यंत्र उसनं आणलं. दिसायला ते बंदुकीसारखं. वस्तूला टेकवून घोडा दाबला की तिच्यात कोणकोणते धातू आहेत ते पडद्यावर येतं. आयुष्यभर मुशी लावलेला मी शेवटी भंगारवाल्याच्या यंत्रापाशी आलो, हेही लिहून ठेवतो.

देव्हाऱ्यापुढे सगळे बसले. द्वारकाबाई भिंतीला टेकून. मी आधी दगडाची पाठ तपासली. लोखंड आणि काळ्या कातळात असतातच ते धातू. सोनं नाही. मग हळद ओल्या फडक्याने पुसली आणि पहिल्या रेघेवर यंत्र टेकवलं. सोनं, थोडी चांदी, किंचित तांबं. जुन्या काळचं चोख सोनं. दुसरी रेघ तशीच. प्रत्येक वेळी मी निकाल मोठ्याने वाचत होतो.

तिसऱ्या रेघेवर यंत्र टेकवलं. पडद्यावर तांबं आलं आणि जस्त आलं. सोनं आलं नाही. मी जागा बदलून पुन्हा घोडा दाबला. तांबं आणि जस्त. पितळ. मी मान वर केली नाही. "हेही तसंच," एवढं म्हणून पुढे गेलो.

चौथ्या रेघेत सोन्याबरोबर कॅडमियम निघालं. सोनार पूर्वी डाग द्यायला ते वापरायचे. सुनंदाताई म्हणाल्या, "माजं वळं दोनदा तुटलं होतं. डाग दिला हाय." प्राजक्ताच्या रेघेत सोनं होतं, कॅडमियम नव्हतं; तिचं वळं अलीकडचं. मी यंत्र खाली ठेवलं.

"दिनकरशेठ, माझ्या मुशीत आलं ते सोनं या बायकांच्या वळ्यांचं होतं. दगडाचं नाही. माझी चूक झाली. मी साल काढून तपासायला हवं होतं."

त्यांनी दगडाच्या फोडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उलटं नसंल कशावरनं?"

"म्हणजे?"

"दगडातलंच सोनं घासताना वर येत असंल. रेघंला लागत असंल. वल्यातनं दगडावर आलं, का दगडातनं वर आलं, हे तुमचं यंत्र सांगतं कं?"

"पाठीला नाही ना सोनं."

"पाट आन् पोट एक नसतं सायेब." त्यांनी छातीच्या खिशावर हात ठेवला. माझा अहवाल अजून तिथेच होता. "परवापासनं परत आत जानार मी. मुरूम संपत आलाय."

त्यांना थांबवणारी गोष्ट मला दिसत होती. सोनं दगडातून वर येत असतं तर पाचही रेघांत आलं असतं. एका रेघेत ते नव्हतं, आणि तेवढं सांगितलं असतं तर दिनकरशेठकडे बोलायला काही उरलं नसतं. पण ती रेघ कुणाची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हातारी मुलगा, सून, नातसून यांच्यामध्ये बसली होती. दर दिवाळीला ती मूठ का आवळायची, ते मला आता कळत होतं. मी यंत्राची पेटी उघडली आणि गप्प बसलो. माणसाचा जीव मोठा की अब्रू, हा प्रश्न वाचताना सोपा वाटतो. समोर ती दोन्ही माणसं बसलेली असली की वाटत नाही.

"दादा," द्वारकाबाई म्हणाली, "तिसरी रेग परत वाच."

"वाचली आई. तशीच आहे."

"खोटं नको बोलू. एक डाव कागदावं लिवलंस तेवडं बास झालं."

मी यंत्र पुन्हा टेकवलं. पडदा तिच्याकडे धरला. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं, "तांबं. जस्त. सोनं नाही."

प्राजक्ताने पडदा स्वतःकडे वळवून पाहिला आणि मान खाली घातली. द्वारकाबाईंनी कनवटीची डबी काढून दिनकरशेठच्या पुढ्यात ठेवली.

"बग. पितलंचं हाय. लगीन झालं त्याच साली तुज्या बापानं सोन्याचं नेलं. सुरुंगाची दारू आनायची व्हती. खान लागली का दहा करून देतो बोलला. मंग पनवेलच्या बाजारातनं हे आनून दिलं."

"बाबांनी?"

"त्यानंच. सासूला कलू नको देऊस बोलला. मी नाय दिलं. कोनालाच नाय. दर दिवालीला त्याच्याम्होरं रेग वडायची मी. तो मान फिरवून अंगनात बगायचा."

दिनकरशेठनी डबीतलं वळं उचलून हातात धरलं. चिंचेने घासून घासून ते पातळ झालं होतं. ते म्हणाले, "आये, मंग आदी का नाय सांगितलंस? मी आत जात व्हतो तवा?"

"तुजा बाप खरं मानून मेला असं तुला वाटत व्हतं. ते मोडायचं नव्हतं मना. पन दसऱ्याला दगड पूजेला भाईर काडला, त्याचा कोपरा फुटलेला बगितला, तवा कललं तू कुटनं सोनं काडलंस ते. म्हनून याला बोलावला."

दिनकरशेठ उठले आणि बाहेर गेले. सुनंदाताईंनी पदराने डोळे पुसले आणि मला चहा विचारला. मी नको म्हटलं. बाहेर गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. दिनकरशेठ परत आले तेव्हा त्यांच्या हातात पहार होती, वडिलांची, दोन्ही टोकांना झिजलेली. ती त्यांनी देव्हाऱ्यासमोर आडवी ठेवली, खिशातला माझा कागद काढून तिच्यावर ठेवला आणि आईच्या पायाशी बसले.

म्हातारीने कागद उचलून माझ्या हातात दिला. पहारीकडे बोट केलं.

"ती हितं नको," ती मुलाला म्हणाली. "भाईर ठेव. खाऱ्या वाऱ्यावर गंजू दे."